दाराचे दोन डोळे

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. मी गॅरेजमध्ये बसून कांदा निवडत होते आणि हसीना नेहमीसारखी दारात, चौकटीला पाठ लावून, पाय आडवे पसरून पेंगत होती. तेवढ्यात वर शिट्टी वाजली, दिवा लागला, मोटार घरघरली आणि दार खाली यायला लागलं.

बटण कुणी दाबलं नव्हतं. घरात आम्हा दोघींशिवाय कुणीच नव्हतं.

मी जोरात हाक मारली. हसीना हलली नाही. तिचे कान गेली दहा वर्षं काम देत नाहीत, आणि ऐकायचं मशीन टोचतं म्हणून ती ते घरी कपाटात ठेवून येते. मी तिच्यापासून चार हात आत. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे, उठून धावायला वेळ लागणार. पुढ्यात अर्धा भरलेला कांद्याचा प्लॅस्टिकचा क्रेट होता. बसल्या जागेवरून दोन्ही पायांनी मी तो ढकलला. गुळगुळीत फरशीवरून तो सरकत गेला आणि हसीनाच्या पायांशेजारी, बरोबर दाराखाली थांबला.

दार क्रेटवर टेकलं. मला वाटलं, आता मागं फिरेल. बसवलं त्या दिवशी आम्हाला तसंच करून दाखवलं होतं. पण फिरलं नाही. ते दाबतच राहिलं. क्रेटची एक बाजू वाकली, कडकन तडा गेला आणि कांदे उडून हसीनाच्या मांडीवर पडले. तोवर मी भिंत धरून उठले होते. भिंतीवरचं बटण दाबलं तेव्हा दार थांबलं आणि वर गेलं.

हसीनाचे डोळे उघडले. मांडीवरचा कांदा हातात घेऊन ती म्हणाली, "काय गं ताईबाई, उठवायचं तर हात लावून उठीव की. कांदं काय फेकून मारतीस?"

मी बोटानं वर दाखवलं. तिनं वर पाहिलं, मग मोडक्या क्रेटकडं पाहिलं, आणि पाय पोटाशी ओढून घेतले. चपला घातल्या आणि घरी गेली.

हसीना माझी पन्नास वर्षांची मैत्रीण. माझे मालक बबनराव दौंडच्या अलीकडच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होते आणि तिचे मेहमूदभाई दौंड यार्डात गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन. फाटकाच्या क्वार्टरमध्ये मी बावीस वर्षं संसार केला. मेहमूदभाई सुट्टीच्या दिवशी सायकलवर पुढं डबा आणि मागं हसीना घेऊन आमच्याकडं यायचे. पुढं दोघं रिटायर झाले आणि जमीन होती म्हणून आम्ही तळेगाव ढमढेऱ्याला आलो. हसीनाचं माहेर इथलंच, म्हणून तेही आले. आता दोघंही नाहीत. आम्ही दोघी आहोत.

तिच्या घराला वर पत्रा आहे. दुपारी आत बसवत नाही. शिवाय तिला ऐकू येत नाही म्हणून घरात तिच्याशी कुणी फारसं बोलतही नाही. सून सुमैया दिवसभर शिलाई मशीनवर असते. माझ्याशी बोलायला तिला कान लागत नाहीत. मी हातानं बोलते, तोंडानं बोलते, कधी नुसती बघते, तिला सगळं कळतं. म्हणून जेवण झालं की ती आमच्याकडं येते आणि गॅरेजच्या दारात बसते. तिथं उसाच्या रानावरून गार वारा येतो.

गॅरेज माझ्या मुलानं, महेंद्रनं बांधलं. तो सणसवाडीला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं गाडी घेतली आणि घराच्या खालच्या अंगाला ही खोली काढली. दार मोटारीचं. दुकानाच्या शटरसारखं गुंडाळणारं नाही. चार आडव्या पट्ट्यांचं, बिजागऱ्यांनी जोडलेलं. दोन बाजूच्या रुळांवरून ते वर जातं आणि छताखाली आडवं होऊन बसतं. ते बसवलं हसीनाच्या मुलानं, अलीमनं. त्याचं शिरूरला शटर आणि दारं बसवायचं काम चालतं.

महेंद्र संध्याकाळी आला. मी त्याच्या पुढ्यात मोडका क्रेट ठेवला आणि झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"आई, मीच फोनवरून बंद केलं. फोनवर मेसेज आला, गॅरेज दोन तास उघडं आहे म्हणून. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"आन् दारात कोन बसलंय ते फोनवर दिसतं व्हय?"

"नाही."

मग माणूस घाबरल्यावर जसा चिडतो तसा तो चिडला. म्हणाला, "पण दारात बसायचंच कशाला? घरात पंखा आहे, कूलर आहे. हसीनामावशींना सांग, उद्यापासून तिथं बसायचं नाही. काही झालं असतं म्हणजे?"

हे त्यानं अलीमलाही फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हसीना आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिच्याकडं गेले. ती पत्र्याखाली ओला पंचा मानेवर घेऊन बसली होती.

मी हातानं विचारलं, का येत नाहीस?

"लेकाचं घर तुज्या, दार बी त्याचं," ती म्हणाली. "त्यो नगं म्हन्तोय, मी कशाला येऊ? आन् खरं सांगू? मला भ्या वाटतंय त्या दाराचं. मला त्ये येताना ऐकू येत न्हाई."

"दार मी नीट करून घेते," मी तोंड मोठं करून म्हटलं.

"तू?" ती हसली. "तू काय मिस्त्री हाईस?"

मी मिस्त्री नाही. पण बावीस वर्षं मी फाटकाजवळ राहिले आहे. मालकांना ताप आला की हँडल मी फिरवायची आणि ते खाटेवरून सांगायचे. खाली येणारी जड वस्तू माणसाशी कशी वागली पाहिजे, हे मला चांगलं ठाऊक आहे. बसणाऱ्या बाईला उठवून दार सुधारत नाही. आज हसीना उठेल, उद्या तिथं कुत्रं येईल, परवा कुणाचं रांगतं लेकरू.

घरी आले आणि आधी चौकट पाहिली. बसवताना अलीमनं दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, काळे डबीसारखे दोन डोळे लावले होते. एक डोळा न दिसणारा उजेड सोडतो आणि समोरचा तो झेलतो. मध्ये पाय आला, मांजर आलं, काहीही आलं की उजेड तुटतो आणि खाली येणारं दार परत वर जातं. वीतभर उंचीवर एवढ्यासाठी, की जमिनीवर पडलेलं माणूससुद्धा त्यात यावं.

आता तिथं डोळे नव्हते. स्क्रूची भोकं होती.

मी मान वर करून शोधलं तेव्हा छतापाशी, मोटारीच्या बाजूला, दोन्ही डोळे दिसले. चिकटपट्टीनं एकमेकांसमोर लावलेले. मध्ये हातभर अंतर. दोघांचे हिरवे दिवे मजेत चालू.

महेंद्रच्या सुट्टीच्या दिवशी मी अलीमला बोलावून घेतलं. मोटारसायकल लावून तो आत आला, हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "काय म्हन्ता मावशी?"

"वर काय लावलंस ते सांग."

त्यानं महेंद्रकडं पाहिलं. महेंद्रनं मोटारीकडं पाहिलं.

"मावशी, पापुद्रं," अलीम म्हणाला. "तुमी मार्चात हितं कांदा आनून टाकला. वाऱ्यानं पापुद्रं उडायचं. दार खाली आलं की एखांदा पापुद्रा डोळ्याम्होरं जायचा, की दार पुन्यांदा वर. दादांच्या फोनवर धा येळा मेसेज. दादा म्हनले, कायतरी कर. मग मी डोळं वर नेलं. तितं पापुद्रा जात न्हाई."

"म्हंजी त्ये दोगं एकमेकाकडं बगत बसलं, आन् दाराकडं कुनाचं ध्यान न्हाई."

"तसंच झालं."

"खाली तुज्या आईचं पाय व्हतं, अलीम."

तो खाली बसून उगाच पिशवीतले पाने लावत राहिला. माझी सून माया चहा घेऊन आली होती. ती कप ठेवता ठेवता म्हणाली, "कारखान्यात कुणी मशीनचा सेन्सर असा बांधून ठेवला तर हे घरी येऊन तासभर त्याच्या नावानं ओरडतात."

महेंद्रचे कान लाल झाले. तरी तो म्हणाला, "मान्य. पण डोळे नसले तरी दाराला दुसरी अक्कल आहे. कशावर टेकलं, अडलं, की मोटारीला कळतं आणि ती उलटी फिरते. क्रेटवर टेकल्यावर फिरायला पाहिजे होतं."

"फिरली न्हाई. म्या बगितलं."

अलीम शिडीवर चढला, मोटारीचं झाकण उघडलं आणि वरूनच खाली महेंद्रकडं बघत राहिला. "दादा, ह्यो जोराचा स्क्रू कुनी फिरवला? पार शेवटाला न्हेलाय. आता मदी हत्ती आला तरी मोटार म्हनंल, दाब."

महेंद्रनं डोकं खाजवलं. "दार वर जाताना मध्येच थांबायचं. दिवाळीपासून. मग मी जरा वाढवला. परत थांबायला लागलं, परत वाढवला."

"पर थांबायचं का, ते बगितलं?" मी विचारलं.

"मोटार कमजोर असेल म्हणून..."

मला खरं म्हणजे त्याचा राग आला नाही. घरच्या दाराशी माणूस कारखान्यातल्या मशीनसारखा वागत नाही. घरचं म्हणजे चालतंय की, असं वाटतं.

अलीमनं दार पूर्ण खाली आणलं. मग मोटारीच्या पट्टीवरून लोंबणारी लाल दोरी ओढली. ती ओढली की मोटार दारापासून सुटते आणि दार हातानं उघडता येतं. लाईट गेली तर त्यासाठीच ती असते. "ही दोरी दार खाली असतानाच वढायची," त्यानं मला समजावलं. "दार वर हाय आन् स्प्रिंगमदी दम न्हाई, असं असलं तर त्ये धाडदिशी खाली यील."

स्प्रिंग म्हणजे दाराच्या डोक्यावर, आडव्या दांड्याला गुंडाळलेली मनगटाएवढी जाड. लोकांना वाटतं, दार मोटार उचलते. तसं नाही. दार खाली येतं तेव्हा त्या स्प्रिंगला पीळ बसतो आणि वर जाताना तोच पीळ सुटून दाराचं ओझं उचलतो. मोटार नुसती पुढं-मागं ढकलायला. स्प्रिंगचा पीळ आणि दाराचं वजन यांचा मेळ असेल तर एवढं मोठं दार एका हातानं उचलतं, आणि कमरेइतकं उचलून सोडलं तर तिथंच थांबतं.

अलीमनं एका हातानं उचलून पाहिलं. दार हललं नाही. मग त्यानं आणि महेंद्रनं दोघांनी मिळून ते कमरेपर्यंत नेलं.

"आता हळूच ढिलं सोडा. पर हात काढू नगा," अलीम म्हणाला.

हात ढिले झाले तसं दार खाली खचलं. दोघांनी कसंबसं सावरून जमिनीला टेकवलं.

"म्या बसवलं तवा माज्या करंगळीनं उचलत व्हतं," अलीम म्हणाला. "स्प्रिंग चांगली हाय, तुटलेली न्हाई. दार जड झालंय."

माया कप गोळा करायला लागली. महेंद्र पायानं पापुद्रे बाजूला करत बसला. तिघांनाही कळलं होतं आणि तिघंही माझ्यासमोर ते बोलायला तयार नव्हते.

मी उठून बाहेर गेले आणि दारासमोर उभी राहिले. दाराला बाहेरून सागवानी फळ्या ठोकलेल्या होत्या. आमच्या फाटकाच्या क्वार्टरच्या दाराच्या फळ्या. फाटक बंद होऊन खालून रस्ता काढला, क्वार्टर पाडलं, तेव्हा मालकांनी त्या लिलावात घेतल्या आणि टेम्पोत घालून आणल्या होत्या. मागच्या दिवाळीत मीच महेंद्रच्या मागं लागले की नुसतं पत्र्याचं दार बोडकं दिसतं, या फळ्या लावून घे. तो म्हणाला होता, आई, जड होईल. मी म्हटलं होतं, मोटार आहे ना?

ज्या बाईनं बावीस वर्षं फाटक पाहिलं, तिनं हे बोलावं! आमच्या फाटकाचा दांडा लांबलचक, पण त्याच्या बुडाला लोखंडी वजनं टांगलेली असायची. त्या तोलावर हँडल इतकं हलकं फिरायचं की मीसुद्धा फिरवायची. एकदा उसाच्या गाडीनं दांड्याचं टोक मोडलं. तात्पुरतं म्हणून रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या लोकांनी त्याला जाडजूड लाकूड जोडलं आणि दांडा वर राहीना. सोडला की खाली. मालकांनी त्या दिवशी एकही गाडी दांड्याखालून जाऊ दिली नाही. रस्त्यावर लोकांनी शिव्या दिल्या, एका जीपवाल्यानं अंगावर धावून यायचं तेवढं बाकी ठेवलं. मालक म्हणाले, "तोल येऊ द्या, मग जावा." बुडाला वजन वाढवून आलं, तेव्हाच फाटक उघडलं.

मी आत आले आणि अलीमला म्हटलं, "फळ्या काढ."

"आई, थांब," महेंद्र म्हणाला. "अलीम, जास्त ताकदीची स्प्रिंग मिळेल ना?"

"मिळंल. पर रूळ, बिजागऱ्या, मोटार, समदं ह्या पत्र्याच्या मापाचं हाय. बदलायचं तर समदंच बदलावं लागंल. आन् स्प्रिंगला तुमी हात लावायचा न्हाई दादा, मेंटेनन्सवालं असला तरी. तिचा पीळ सुटला तर हात मोडंल."

"आबांच्या आठवणीच्या फळ्या आहेत त्या," महेंद्र मला म्हणाला. आवाज अगदी लहानपणीसारखा.

"आबाची आठवन मला फळीवर टांगायची गरज न्हाई. काढ रं अलीम."

फळ्या काढायला दीड तास लागला. एकेक उतरली तशी मी ती हातानं पुसली आणि भिंतीशी लावली. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. एका फळीवर माझ्या हळदीच्या बोटांचा डाग अजून होता. कालवणाच्या हातानं दार लोटायची मला सवय होती. पण मनात कुठं शंका नव्हती.

मग दार पुन्हा कमरेएवढं उचललं आणि सोडलं. ते हवेत थांबलं. अलीमनं एका बोटानं ते वर लोटलं, तेव्हा महेंद्रसुद्धा हसला.

डोळे परत खाली आले, वीतभर उंचीवर. अलीमनं पाइपचे दोन तुकडे कापून त्यांच्यावर टोपीसारखे बसवले, म्हणजे धूळ आणि ऊन थेट लागणार नाही. कांद्याचा ढीग आम्ही मागच्या भिंतीपर्यंत सारला.

"तरी एखांदा पापुद्रा यीलच मावशी," अलीम म्हणाला.

"यीना का. दार धा येळा माघारी जाऊ दे, मी धा येळा झाडीन."

जोराचा स्क्रू त्यानं मागं आणला. मग एका फळीचा तुकडा दाराखाली आडवा ठेवला आणि बटण दाबलं. डोळ्यांच्या रेषेपेक्षा तुकडा खाली होता, म्हणून डोळ्यांना तो दिसला नाही. दार आलं, तुकड्याला टेकलं आणि क्षणात वर निघून गेलं. तुकड्यावर ओरखडासुद्धा नाही. महिन्यातून एकदा हे असं करून बघायचं, असं अलीमनं सांगितलं. ते काम मी माझ्याकडं घेतलं. महेंद्र विसरेल, मी विसरत नाही.

आता राहिला फोन.

"त्यातनं दार बंद करायचं काढून टाक," मी महेंद्रला म्हटलं.

"अगं, आता सगळं नीट झालंय. आणि फोनवरून बंद करताना आधी शिट्टी वाजते, दिवा लागतो."

"शिट्टी हसीनाला ऐकू येती का? आन् डोळं झाकलेल्या बाईला दिवा दिसतो का? तुज्या आबानं रस्ता बगितल्याबिगर कवा हँडल फिरवलं न्हाई. जो दार लावंल त्यानं दारापाशी हुबं राहून लावायचं. उगडं राहिलं तर मला फोन कर. मी हाय की घरात."

त्यानं मायाकडं पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडं नका बघू. मी आईंच्या बाजूनं आहे." त्यानं फोन काढला आणि माझ्यासमोर ते बंद केलं. मग स्वतःच म्हणाला, "मी जातो हसीनामावशींना आणायला. मीच नको म्हटलं होतं."

तो तिला गाडीत घालून घेऊन आला. ती उतरली, पण चार पावलं लांबच उभी राहिली. दाराकडं पाहून म्हणाली, "फळ्या कुठं गेल्या?"

मी भिंतीकडं बोट केलं. तिनं जाऊन एका फळीवरून हात फिरवला आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं.

मग म्हणाली, "दावा मला."

अलीमनं बटण दाबलं. दार यायला लागल्यावर हसीनानं पायातली चप्पल काढली, वाकली आणि लांबूनच तिनं ती दाराच्या डोळ्यांसमोर धरली. दार वर गेलं. "पुन्यांदा," ती म्हणाली. पुन्हा वर गेलं. तिसऱ्यांदा तिनं ओढणीचं टोक धरलं. चौथ्यांदा एक पापुद्रा. तो धरता धरता तिला हसू आलं.

"अम्मी, बास की आता," अलीम ओरडला.

"काय म्हन्तो त्यो?" तिनं मला विचारलं.

"म्हन्तोय, अजून चारदा बग."

तिनं खरंच अजून चारदा पाहिलं. महेंद्र आणि अलीम दोघं कमरेवर हात ठेवून उभे होते, परीक्षेचा निकाल लागायची वाट बघावी तसे.

मग ती आपल्या जुन्या जागेवर, चौकटीला पाठ लावून बसायला निघाली. मी तिचा दंड धरला. आमचीही चूक होतीच. फाटकाच्या दांड्याखाली कुणी बसत नाही. एवढं मला कळायला हवं होतं. मी सतरंजी दाराच्या रेषेपासून दोन हात बाहेर, पडवीच्या सावलीत टाकली आणि तिला तिथं बसायची खूण केली.

"हितं वारं कमी हाय," ती म्हणाली.

मी हाताची घडी घालून उभी राहिले.

"बसते गं बाई, बसते. रेल्वेचा नियम हाय जनू!" ती बसली. थोडा वेळ कुरकुरली, मग तिचं तिलाच वारं सापडलं आणि तिनं पाय पसरले. मी तिच्या पुढ्यात कांद्याची पाटी ठेवली. आम्ही ऊन उतरेपर्यंत निवडत बसलो. तेवढ्या वेळात दार दोनदा खाली आलं. दोन्ही वेळा महेंद्र बटणापाशी उभा होता आणि त्यानं आधी बाहेर डोकावून पाहिलं होतं. हसीनाला काही कळलंसुद्धा नाही. ती पेंगत होती.

निघताना तिनं आपला पानाचा डबा सतरंजीखाली सारला. रोज ती तो कमरेला खोचून घरी नेते. कुणाकडं ठेवत नाही. मी तिच्याकडं पाहिलं तर म्हणाली, "असू दे हितंच. उद्या आनायला कुनी वजं वाहायचं?"